उमेदवाराच्या कमतरता

२ फेब्रुवारी

विभागप्रमुखांनी आज बोलावून घेतलं आणि माझ्या पुढ्यात एक कागद सरकवला. 'गणितातील पीएचडीनंतर उद्योगक्षेत्रातील संधी' या विषयावर एक दिवसाचं चर्चासत्र घ्यायचं आहे आणि त्याचं संयोजन मी करायचं आहे. मीच का, असं विचारल्यावर म्हणाले, या विषयावर सबंध विभागात सगळ्यात ठाम मतं तुमचीच आहेत. ते खरं आहे. माझं मत असं, की कंपनीत गेलेला गणिती म्हणजे पोहायला शिकून नळाखाली आंघोळ करणारा माणूस. आणि विभागप्रमुख झालेला गणिती टॉवेल घेऊन बाहेर उभा असतो. हे दुसरं वाक्य मी मागच्या वर्षी भर बैठकीत बोललो होतो. त्याचाच हा सूड.

वरून हुकूम आलाय म्हणे. पीएचडी झालेल्यांचं पुढे काय होतं, ते वरच्यांना कळायला हवं आहे. काय व्हायचंय? आमच्याकडे नवी जागा निघून इतकी वर्षं लोटली, की इथे शेवटचा लागलेला 'तरुण' प्राध्यापक आता गुडघ्याला पट्टा बांधून जिना चढतो.

माझ्याकडे सध्या दोघं आहेत, दोघांचेही प्रबंध पूर्ण झालेत. एक होयबा. मी फळ्यावर चुकून वजाऐवजी अधिक लिहिलं तरी मान डोलावतो. त्याचा प्रबंध मी वाचला आणि वाचताना झोप लागली, तेव्हा पूर्ण वाचला असं म्हणता येणार नाही. दुसरी शंकाबाई. हे नाव विभागाने ठेवलंय, मी नाही. व्याख्यानात हिचा हात वर गेला, की वक्त्याचा चेहरा उतरतो.

९ फेब्रुवारी

शंकाबाई दारात उभी. चर्चासत्राच्या यादीत तिने स्वतःचं नाव पहिलं घातलं होतं. मी विचारलं, तुला कशाला हवाय हा बाजार? तर म्हणाली, मार्चअखेर शिष्यवृत्ती संपते, एप्रिलमध्ये वसतिगृहाची खोली सोडायची आहे. तोवर काही मिळालं नाही, तर दादाकडे जावं लागेल. दादाने शिकवणीचा क्लास काढलाय. त्याच्याच छापील नोट्स पोरांना घोकायला लावायच्या आणि वहिनीच्या हाताखाली घर सांभाळायचं. एकदा गेले की परत येणं नाही, असं तिने अगदी साधेपणाने सांगितलं, एखादी अट सांगावी तसं.

मी म्हणालो, थांब थोडं, कुठेतरी प्राध्यापकाची जागा निघेल. तिने विचारलं, कुठे? हा तिचा वाईट गुण आहे. कुणी काही बोललं की ती लगेच 'कुठे' आणि 'कशावरून' विचारते.

२० फेब्रुवारी

झालं एकदाचं चर्चासत्र. आमचेच जुने विद्यार्थी कोट घालून आले होते. एकेकाळी यांच्या चपलांचे अंगठे तुटलेले असत, आता बुटांत दिव्याचं प्रतिबिंब दिसतं. प्रत्येकाने आपापली पडद्यावरची चित्रं आणली होती आणि प्रत्येक चित्रात एक वर जाणारा बाण होता. गणितात मी इतका बिनबोभाट वर जाणारा बाण पाहिलेला नाही.

एकाने पोरांना उपदेश केला, की तुमचा प्रबंध लिफ्ट वर पोचेपर्यंत समोरच्याला समजला पाहिजे. मी उठून म्हणालो, मला माझा स्वतःचा प्रबंध समजायला सहा वर्षं लागली, तेव्हा इमारत बरीच उंच लागेल. सगळे हसले. तो जास्त हसला, कारण त्याला वाटलं मी त्याचं कौतुक केलं.

दुसरी एक आली होती, ती म्हणे रुग्णालयांच्या शस्त्रक्रियागृहांची वेळापत्रकं लावते. कुठला सर्जन, कुठली खोली, किती वाजता. कमी खोल्यांत सगळं बसवायचं, दोन शस्त्रक्रिया एकमेकींच्या अंगावर येऊ द्यायच्या नाहीत. पीएचडी करून पाळ्या लावायच्या. शंकाबाई पहिल्या रांगेत भराभर लिहून घेत होती. मधल्या सुट्टीत तिने त्या बाईला गाठलं आणि चहा गार होईपर्यंत सोडलं नाही. नंतर माझ्याकडे येऊन म्हणाली, सर, हे तर आपलंच आलेख रंगवणं आहे, जोडलेल्या दोन बिंदूंना एकच रंग द्यायचा नाही ते, त्यांच्याकडे फक्त रंगांऐवजी खोल्या आहेत. मी म्हणालो, आणि प्रमेयांऐवजी पगार.

संख्याशास्त्राच्या बाईंनी समारोप केला. या बाई मला गणितात धरवत नाहीत, पण विभागात त्यांची खोली माझ्या शेजारीच आहे. गोड बोलल्या. त्या सगळ्यांशीच गोड बोलतात, त्यामुळे त्यांच्या बोलण्यातून काहीच माहिती मिळत नाही.

३ मार्च

होयबासाठी कुठल्याशा विमा कंपनीचा फोन. हल्ली नोकरी देण्याआधी मार्गदर्शकाला फोन करून चौकशी करतात. मुलाचा स्वभाव कसा? मी म्हणालो, कुणाशी वाद घातलेला आठवत नाही. कमतरता काही? म्हटलं, अशी काही लक्षात येत नाही. खरंच येईना. सांगण्यासारखं काही असतं तर सांगितलं असतं. दोन मिनिटांत फोन संपला.

५ मार्च

त्याच कंपनीतून शंकाबाईसाठी एका मुलीचा फोन. आवाज गोड, प्रश्न छापील. उमेदवार संघात काम करते का? मी म्हणालो, गणित संघात करत नाहीत, रस्सीखेच संघात करतात. कामाचा दर्जा कसा? मी सांगितलं, काम बरोबर आहे. पुढे काही येईल म्हणून ती मुलगी थांबली. मीही थांबलो. बरोबरच्या पुढे काय असतं? जगातल्या बहुतेक लोकांच्या वाट्याला ते एवढंसुद्धा येत नाही.

मग तिने विचारलं, उमेदवाराच्या कमतरता सांगू शकाल का? म्हटलं, चला, कुणीतरी शहाणा प्रश्न विचारला. मी खुर्ची ओढून नीट बसलो आणि सांगायला लागलो. चौथ्या प्रकरणातली तिची पहिली सिद्धता चुकीची होती, ती तिनेच पाडली आणि पुन्हा उभी केली, त्यात वर्ष घालवलं. कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही, माझ्यासुद्धा. एखाद्या गोष्टीत शिरली की जेवणाची वेळ टळते, बोलावलं तर ऐकू येत नाही. उत्तर पटलं नाही तर समोरच्याचं वय बघत नाही. एका परदेशी पाहुण्याचं व्याख्यान तिने तिसऱ्या मिनिटाला थांबवलं आणि पाहुणा पुढे जाऊच शकला नाही. हे सांगताना मला हसू आवरेना.

बराच वेळ बोललो. एवढं मी आजवर कुठल्याच विद्यार्थ्याबद्दल बोललेलो नाही. माझ्या मार्गदर्शकांनी माझ्या प्रबंधातल्या चुका दोन तास दाखवल्या आणि शेवटी 'चालेल' म्हणाले. त्या दोन तासांवर मी अजून जगतोय. ज्याच्या चुका काढाव्याशाही वाटत नाहीत, त्याच्याकडे बघायचं तरी कशाला?

कंपनीच्या मुलीने आभार मानले. जरा घाईत वाटली. एवढं ऐकून घ्यायची सवय नसेल बिचारीला.

१२ मार्च

घ्या. विमा कंपनीने होयबाला उचललं आणि शंकाबाईला नकार कळवला. उद्योगजगताची पारख बघायची तर आणखी काय पुरावा हवा? होयबा येऊन म्हणाला, सर, तुमच्या शब्दामुळे झालं. मी म्हणालो, मी काहीच बोललो नव्हतो. तो म्हणाला, हो सर.

१८ मार्च

एका बँकेचा फोन, शंकाबाईसाठीच. पुन्हा कमतरता विचारल्या. या वेळी माझी तयारी होती, मी क्रमाने सांगितल्या. मागच्या वेळी राहिलेलं एक उदाहरणही घातलं. पलीकडचे गृहस्थ मधेच म्हणाले, पुरे सर, आम्हाला चित्र स्पष्ट झालं. बँकेतला माणूस असून चटकन समजलं म्हणायचं.

२७ मार्च

बँकेचाही नकार. मी तिला मुद्दाम बोलावून सांगितलं, की या लोकांचा नकार मनाला लावून घेऊ नकोस, यांना होयबे लागतात. ती फळ्याजवळ उभी होती. तिने विचारलं, सर, तुम्हाला त्यांचे फोन आले होते का? म्हटलं, दोघांचेही आले. काय विचारलं त्यांनी? मग मी तिला दोन्ही संभाषणं सांगितली. परदेशी पाहुण्याचा किस्साही सांगितला, तो तिला आवडेल असं वाटलं होतं.

"सगळं सांगितलंत, सर?"

"सगळं. एक गोष्ट लपवली नाही."

ती जराशी हसली. मग फळा पुसायला लागली. फळा कोराच होता. मी सहज म्हणालो, चौथ्या प्रकरणातल्या त्या असमानतेबद्दल मला अजून थोडं बोलायचंय. ती म्हणाली, नंतर बोलू का सर? आणि गेली. तासभर होती, पण आज एकही शंका विचारली नाही तिने. दमली असेल. खोली आवरायला घेतलीय म्हणत होती.

२९ मार्च

रविवार. बायकोचा दवाखाना बंद, म्हणून नाश्ता निवांत झाला. ही दातांची डॉक्टर आहे, लोकांची तोंडं उघडवून गप्प बसायची तिला सवय आहे. मी शंकाबाईचं सगळं प्रकरण सांगितलं, कंपन्यांच्या अकलेसकट. ही ऐकत राहिली. मग चमचा खाली ठेवून म्हणाली, "उद्या कुणी माझ्याबद्दल फोन केला तर काय सांगाल?"

मी विचार करून सांगायला लागलो. दवाखान्यातल्या पेशंटचं बोलणं घरी मनात घेऊन येतेस आणि भाजी करपते. कपाटाचं दार कधी लावत नाहीस. पुस्तक शेवटून वाचतेस. फोनवर बहिणीशी बोलताना घरभर फेऱ्या मारतेस आणि वळताना दर वेळी तीच कुंडी लाथाडतेस. डावा खांदा दुखतो ते कुणाला सांगत नाहीस. अजून बरंच होतं, पण ही हसायलाच लागली.

"एवढं लक्ष असतं होय तुमचं? मला कळलं हो. पण फोनवरच्या माणसाला काय कळणार? त्याला वाटेल, बाई करपवते आणि लाथा मारते."

मी म्हणालो, मग त्याने विचार करावा. ही उठून गेली आणि जाताना कपाटाचं दार लावलं. मला ते आवडलं नाही, का ते सांगता येत नाही.

६ एप्रिल

शंकाबाईची त्या वेळापत्रकांच्या कंपनीत मुलाखत झाल्याचं ऐकून आहे. एव्हाना फोन यायला हवा होता. बायकोच्या बोलण्याचा परिणाम असेल, मी या वेळी दोनच कमतरता सांगायच्या ठरवल्यात आणि त्या आधी दोन-तीन बरी वाक्यं तयार ठेवलीत. आरशासमोर म्हणून पाहिली. भुरट्या विक्रेत्यासारखा दिसलो.

फोन आला नाही. दुपारी जिन्यात संख्याशास्त्राच्या बाई भेटल्या आणि सहज बोलून गेल्या, की त्या कंपनीतून त्यांना फोन आला होता, शंकाबाईबद्दल.

मी म्हणालो, तुम्हाला? तुम्हाला तिचा प्रबंध कळतो तरी का?

"पहिल्या पानानंतर नाही कळला," बाई म्हणाल्या. "मी त्यांना सांगितलं, ही मुलगी हातची जाऊ देऊ नका."

मी म्हणालो, याला पुरावा म्हणत नाहीत. तेव्हा बाई दोन पायऱ्या उतरल्या होत्या, त्या परत वर आल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "तुम्ही दोनदा तिची नोकरी घालवलीत. सबंध विभागाला माहीत आहे. तुम्हाला कुणी सांगत नाही, कारण तुम्हाला सांगायची कुणाची हिंमत होत नाही. हिंमत असलेली एकच होती."

७ एप्रिल

मूर्खपणा आहे सगळा. ज्यांना काम वाचता येत नाही, त्यांच्यापुढे टाळ्या वाजवायच्या आणि त्याला शिफारस म्हणायचं. बाईंनी आजवर कुणाबद्दल वाईट शब्द काढला नाही, म्हणजे त्यांच्या चांगल्या शब्दाची किंमत शून्य. हे मी त्यांना तोंडावर सांगणार होतो. त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो, कारण ही शून्य किमतीची वस्तू तिला कामाला आली आणि माझी आली नाही.

होयबाबद्दल मी दोन मिनिटं बोललो होतो. तिच्याबद्दल अर्धा तास. दिवसभर हेच डोक्यात घोळतंय.

१५ एप्रिल

शंकाबाई निरोप घ्यायला आली. कंपनीने घेतलंय तिला. सोमवारी रुजू व्हायचंय, सामान वसतिगृहातून परस्पर कंपनीच्या गावी जाईल. दादाला कळवलंस का, असं विचारल्यावर म्हणाली, वहिनीला आधी कळवलं, ती आनंदाने रडली. 'तिला माझ्या येण्याची माझ्याइतकीच भीती वाटत होती,' म्हणाली.

मी ठरवलं होतं विचारायचं नाही, तरी विचारलं. या वेळी माझं नाव का नाही दिलंस?

 

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, सर. माझ्यासाठी बोलावं लागू नये, असं वाटलं."

"खोटं कसलं?"

"मी चांगली आहे असं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. सगळ्यांना मान्य असलेली गोष्ट सांगावी, तशी ती बोलली. इतकी वर्षं माझ्यासमोर बसून, प्रत्येक ओळीवर शंका घेऊन, ही एकच गोष्ट तिने शंका न घेता मानली होती. आणि ती चूक होती. माझ्या उभ्या आयुष्यात मी याहून ढोबळ चूक कुणाच्या कामात पाहिलेली नाही, आणि ती मला तिथेच, तेव्हाच, एका वाक्यात दुरुस्त करता आली असती.

मी म्हणालो, छापायला देण्याआधी चौथ्या प्रकरणातलं शेवटचं उपप्रमेय पुन्हा तपास, तिथे एक अट जास्तीची आहे. ती म्हणाली, बघते सर. येते. आणि दार हलकेच ओढून घेऊन गेली. जास्तीची अट तिथे आहेच, ते काही मी बनवून सांगितलं नाही. पण गाढवासारखा उभा होतो मी त्या खोलीत, तिच्या पावलांचा आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत.

१६ एप्रिल

सकाळी तिला फोन लावायला घेतला आणि लावला कंपनीला. बऱ्याच ठिकाणी फिरवून शेवटी निवड खात्यातल्या एका मुलीशी गाठ पडली. मी नाव सांगितलं, कुणाचा मार्गदर्शक ते सांगितलं. ती म्हणाली, सर, त्यांचं सगळं झालंय, सोमवारी त्या येतायत, आता आम्हाला कुणाशी बोलायची गरज नाही. मी म्हणालो, तुम्हाला नसेल.

मग बोललो. म्हटलं, ती शंका घेईल. तुमच्या वेळापत्रकावर घेईल, तुमच्या साहेबांवर घेईल, तेव्हा तिला घेऊ द्या, कारण शंका बहुतेक वेळा बरोबर असते. वर्षभर एका जागी अडली तरी हलवू नका, ते वाया गेलेलं वर्ष नसतं. माझ्या हाताखालून इतकी मुलं गेली, त्यांत ही सगळ्यात वरची. माझ्याही वरची, ते मला तिसऱ्या वर्षीच कळलं होतं. आरशासमोर तयार केलेली वाक्यं यात एकही नव्हती आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना.

  मग पलीकडच्या मुलीने हळूच विचारलं, "सर, हे त्यांना माहीत आहे का?"

"अर्थातच," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

'अर्थातच' हा शब्द मी आजवर एकाही विद्यार्थ्याच्या प्रबंधात सिद्धतेशिवाय राहू दिलेला नाही.